तळहाताएवढा अंधार

बाईंनी ते हसत सांगितलं म्हणून जास्त लागलं. शाळा सुटली होती, फाटकाशी पालकांची गर्दी होती, आणि मुंगीच्या वर्गाच्या बाई मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमची मुलगी फार काळजी करते हो सगळ्यांची. आज गोष्ट वाचून दाखवत होते, धुक्यात हरवलेल्या पिल्लाची. पिल्लू हरवतं ते पान आलं, तर ही जागेवरून उठली आणि शेजारच्या मुलीचे डोळे झाकून उभी राहिली. म्हटलं, अगं, हे काय? तर म्हणते, हिने ही गोष्ट आधी वाचलेली नाहीये." बाई पुन्हा हसल्या. "ती बिचारी रडायला लागली. गोष्टीने नाही, मागून डोळ्यांवर हात आला म्हणून." मीही हसले. फाटकाशी उभं राहून दुसरं काय करता येतं? मुंगी एका हाताने माझं बोट धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने दप्तराचा पट्टा चावत होती. त्या पट्ट्याच्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी असते, ती दातांनी निघू शकते. मी पट्टा तिच्या तोंडातून काढला. बाईंनी तेही बघितलं आणि त्यावर मात्र त्या हसल्या नाहीत.

मुंगीने हे कुठून उचललंय ते बाईंना सांगता आलं असतं. मुंगी घरात जे काही बघते ते मी आधी बघून ठेवलेलं असतं. दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता, फोनवर, आवाज बंद करून, दुप्पट वेगाने. कोण कुठे मरतं, कुणाची आई सापडत नाही, कुठे एकदम काळोख होऊन काहीतरी अंगावर येतं, हे मला पाठ असतं. मग आम्ही दोघी सोफ्यावर बसून तोच सिनेमा नीट बघतो, आणि ती जागा यायच्या जरा आधी माझा तळहात तिच्या डोळ्यांवर जातो. "दिसत नाहीये ना?" मी विचारते. "नाही," ती म्हणते. तिच्या पापण्या माझ्या हाताखाली फडफडत असतात. "काय चाललंय?" ती विचारते. "काही नाही, जेवायला बसलेत सगळे," मी सांगते. मग हात काढते, आणि सिनेमा पुढे जातो. तिला वाटत असेल, सिनेमे असेच असतात, अधूनमधून तळहाताएवढा अंधार असलेले, आणि त्या अंधारात माणसं सारखी जेवत असतात. मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी पोटासाठीही तेच करते. खेळणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे मी. दुकानात जायच्या आधी प्रत्येक खेळण्याचा नमुना आमच्याकडे येतो. कापडी अस्वलाचा डोळा चिमट्यात धरून यंत्राने ओढायचा, आगगाडी पुन्हा पुन्हा फरशीवर टाकायची, आणि जो काही तुकडा सुटेल तो एका बुटक्या नळीत टाकून बघायचा. नळीचं माप लहान मुलाच्या घशाचं. आम्ही तिला घसाच म्हणतो. तुकडा घशात मावला की खेळणं नापास. सगळ्यात गोड दिसणारी खेळणी सगळ्यात आधी नापास होतात. एवढ्या वर्षांत मला नुसतं खेळणं असं दिसलेलंच नाही. मला तुकडे दिसतात.

नवऱ्याला मी बाईंचं बोलणं सांगितलं तेव्हा तो बेसिनपाशी दाढीचं सामान धूत होता. माझी अपेक्षा होती की तो हसेल आणि मग मी त्याच्यावर चिडेन आणि विषय संपेल. तो हसला नाही. त्याने नळ बंद केला. "हे तू तिला दिलंयस," तो म्हणाला. चिडून नाही, पावती फाडून द्यावी तसा. "परवा घसरगुंडीवरून का उतरली माहितीये? खाली काय आहे ते आई सांगायला नव्हती म्हणून. घसरगुंडीच्या खाली काय असणार? वाळू. मी म्हटलं, वाळू आहे. तर म्हणते, आईला विचारून येते." मी म्हटलं, वाळूत काचा असतात कधी कधी. तो माझ्याकडे आरशातून बघत राहिला. मलाही ऐकू आलं होतं मी काय बोलले ते. मग तो टॉवेलला हात पुसत म्हणाला, "रविवारी आपण तो सिनेमा बघायचा. सगळ्यांनी. आणि तू तो आधी बघायचा नाही. फोनवर नाही, गोष्ट वाचायची नाही, कुणाला विचारायचं नाही. एक सिनेमा, मुंगे, जो तुझ्या आईलाही माहीत नाही." शेवटचं वाक्य दाराआडून ऐकणाऱ्या मुंगीसाठी होतं. ती आत आली आणि माझ्याकडे बघायला लागली, जणू बाबांनी आईला गाडी चालवताना डोळे मिटून घ्यायला सांगितलंय.

तो सिनेमा. या घरात मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात तो माझ्या वाटेत आला होता. जेवताना सासूबाईंना ठसका लागला आणि नवरा आणि त्याची मोठी बहीण एका सुरात म्हणाले, "आधी खोकतो, मग सांगतो," आणि तिघंही पोट धरून हसली. मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभी. नंतर कळलं, तो एका जुन्या सिनेमातला संवाद आहे. ग्रहाग्रहांवर टपाल पोचवणारं एक कुटुंब आहे, आई, वडील, मुलगा, मुलगी, आणि त्यांच्या मोडक्या यानावर एक यंत्र आहे, ते बोलायच्या आधी खोकतं. या दोघांकडे लहानपणी त्याची टेप होती आणि त्यांनी ती झिजेपर्यंत पाहिली. या घरातले निम्मे विनोद त्या टेपमधले आहेत. उशीर झाला की कुणीतरी म्हणतं, "पत्र म्हातारं होतंय." दिवे गेले की, "इंजिनाला राग आलाय." मी आता योग्य जागी हसते, कधी कधी मीच म्हणते. पण न पाहिलेल्या सिनेमातलं बोलताना मला नेहमी उसन्या चपला घालून चालल्यासारखं वाटत आलंय. "अगं, अजून पाहिला नाहीस तू?" ताई दर भेटीत विचारतात. त्या दातांच्या डॉक्टर आहेत आणि कुठलाही प्रश्न तोंड उघडायला लावल्यासारखा विचारतात. का पाहिला नाही याचं खरं उत्तर मी त्यांना कधी दिलं नाही. मला तो सिनेमा आवडत नव्हता. न बघताच.

मी शब्द पाळला. प्रयोगशाळेत दुपारी डबा उघडून बसले आणि फोनवर नाव टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. समोर टेबलावर एक लाकडी बदक पडलं होतं, त्याचं चाक ओढायचं बाकी होतं. मला राग कशाचा येत होता ते नीट सांगता येत नाही. नवऱ्याचा म्हणावा तर तो बरोबर होता. मुंगीचा म्हणावा तर ती काय करणार? पण हा सिनेमा लहान मुलांना चालतो हे कोण सांगतंय, तर ज्यांनी तो लहानपणी पाहिला ते. त्यांना काय आठवतंय? खोकणारं यंत्र. माणसाला गोड तेवढंच आठवतं, आणि त्याच्या जिवावर तो पुढच्या पिढीच्या हातात काहीही देतो. मी बदकाचं चाक चिमट्यात धरलं. ते सुटलं नाही. चांगलं बदक होतं. मला त्याचाही राग आला.

रविवारी दुपारी ताई आल्या, पडदे ओढले गेले. जुनी टेप कधीच गेली होती, नवऱ्याने सिनेमा इंटरनेटवर शोधून काढला होता. ऊन पडद्यांच्या कडांनी आत येत होतं आणि टीव्हीवर त्याची एक रेघ पडली होती, ती कुणालाच खुपत नव्हती. सासूबाई त्यांच्या खुर्चीत, पायांवर चादर. नवरा आणि ताई खाली गादीवर, लहान असल्यासारखे. मुंगी सोफ्यावर माझ्या शेजारी. रिमोट नवऱ्याच्या हातात. तेवढं मला फार जाणवत होतं, माझा रिकामा हात. सिनेमा सुरू झाला आणि दोघा भावंडांचं तोंडही सुरू झालं. प्रत्येक वाक्य पडद्यावरच्या माणसाच्या अर्धा श्वास आधी. यान म्हणजे उघडउघड पत्र्याचं खेळणं होतं, त्याची दोरी दिसत होती. मला त्याच्या शेपटाकडची टोकदार पाती दिसत होती. आत स्वयंपाकघरात पातेली भिंतीला चुंबकांनी चिकटवलेली होती आणि मुलगी ती काढून खेळत होती. चुंबक गिळला तर काय होतं हे मला कामावर रोज समजावून सांगावं लागतं. "बघ, बघ, आता खोकणार," ताई मुंगीला म्हणाल्या. यंत्र खोकलं. सगळे हसले. मुंगी हसली नाही, तिने माझ्याकडे बघितलं. मी हसले. मग ती हसली. नवऱ्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागला, आणि मला उठून आत जावंसं वाटलं.

मी तिच्याएवढी असताना माझे वडील मला एका सिनेमाला घेऊन गेले होते. त्यांची रात्रपाळी असायची. दिवे गेले आणि ते झोपले. त्या सिनेमात एक घोडा होता. तो घोडा गाळात रुतला आणि त्याला बाहेर काढता आलं नाही, आणि ते फार वेळ दाखवलं. मी वडिलांच्या बाहीला हात लावला होता. बाही उबदार होती आणि त्यांचा श्वास एका लयीत चालला होता. आजूबाजूच्या अंधारात माणसंच माणसं होती आणि मी तो घोडा एकटीने बघितला. दिवे लागल्यावर ते जागे झाले, डोळे चोळत म्हणाले, "काय, मजा आली की नाही?" मी म्हटलं, आली. त्यांनी कष्टाच्या पैशांनी तिकीट काढलं होतं. घरी जाताना त्यांनी मला खांद्यावर बसवलं, आणि त्या उंचीवरून मला रस्त्यावरचं प्रत्येक ओलं डबकं दिसत होतं. घोड्याचं मी कधीच कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगितलं असतं तर त्याने ते लगेच कारण म्हणून वापरलं असतं, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीचं एवढंसं कारण व्हावं हे मला नको होतं.

पडद्यावर यान एका ओसाड ग्रहावर उतरलं होतं, दुरुस्त झालं होतं, आणि टपालवाल्याचं कुटुंब टेबलाभोवती बसून जेवत होतं. खरंच जेवत होतं. यंत्राला कुणीतरी सूप दिलं, ते खोकलं, सूप उडालं, सगळे हसले. नवरा आणि ताईंनी टाळ्या पिटल्या. "संपला," नवरा मागे रेलत म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर जिंकल्यासारखं काहीतरी होतं. "काय झालं का कुणाला काही?" तेवढ्यात सिनेमाने पुढचं दृश्य दाखवलं. बाहेर वादळ सुटलं होतं. यान उठत नव्हतं, जमिनीला बांधलेला दोर अडकला होता, आणि टपालवाला चेहऱ्यावर काच ओढून घेऊन दाराकडे निघाला होता. "हे कुठून आलं?" ताई म्हणाल्या. नवरा रिमोटकडे बघायला लागला, जणू त्याने चुकून दुसरंच काही लावलं होतं. "हे नाहीये यात. यानंतर पोहण्याच्या शर्यती आहेत."

"शर्यती मी घातल्या होत्या," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने सिनेमा थांबवला. टपालवाला दारात एक पाय बाहेर टाकून तसाच राहिला. सासूबाई चादरीच्या काठाची घडी घालत होत्या. "त्या वर्षी तुमचे बाबा दूर नोकरीला गेले होते. तू रोज दाराशी जाऊन बसायचास, जेवायचा नाहीस. आणि याच्यात तो बाप तिथंच राहतो बहुतेक. म्हणून मी टीव्हीवर जे चालू होतं ते त्याच्यावर टेप करून टाकलं. पोहण्याचं चालू होतं." मग ताई हसत सुटल्या. "आई, म्हणजे आम्ही इतकी वर्षं अर्धाच सिनेमा पाहिला? मला वाटायचं शेवटी शर्यती असतात. मी शाळेत सांगायचे सगळ्यांना." नवरा उठून सासूबाईंजवळ गेला, त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "काय डोकं चालवलंस गं. ग्रेट आहेस."

मी ते सगळं बघत होते. याच सासूबाई मी मुंगीच्या डोळ्यांवर हात ठेवला की म्हणायच्या, "आम्ही नाही बाई असलं काही केलं, पोरं आपोआप मोठी झाली." आणि हाच नवरा. त्यांनी पुसलं ते डोकं, मी झाकते तो प्रॉब्लेम. मला हे तिथल्या तिथे म्हणायचं होतं, वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. पण त्याच्या हातात त्यांचा हात होता, सुरकुतलेला, आणि मागे पडद्यावर एक बाप दारात अडकलेला होता. मी ते वाक्य गिळलं. ते घशात बरोबर मावलं.

"राहू दे रे," ताई म्हणाल्या, "पुढचं नको मुंगीला."

"हो, बंदच करतो," नवरा म्हणाला. "पुढे काय आहे कोण जाणे." बोलून झाल्यावर तो थांबला. माझ्याकडे न बघण्याची त्याने फार काळजी घेतली.

मुंगीने माझी बाही ओढली. "आई, पुढे काय होणार?" आता सगळे माझ्याकडे बघायला लागले, सासूबाईसुद्धा. सवयीने. या घरात पुढचं मला माहीत असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." मुंगीला ते पटेना. "थोडंसं?" "थोडंसंही नाही. मी हा बघितलाच नाहीये." ती विचारात पडली. बाही सोडली नाही. तो माणूस दारात, ऊन टीव्हीवर, सगळं थांबलेलं. मला वाटलं आता रडेल, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ती रडली असती तर मी बरोबर ठरले असते. "बाबा, लाव," ती म्हणाली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कशी हलवली, मला माहीत नाही.

वादळ पुन्हा सुरू झालं. टपालवाला जमिनीवर वाकून दोर सोडवत होता आणि यान थरथरत होतं. माझा श्वास अडकला असणार, कारण मुंगी सोफ्यावर गुडघ्यांवर उभी राहिली, माझ्याकडे सरकली, आणि तिचा तळहात माझ्या डोळ्यांवर आला. त्याला मेणाच्या खडूंचा वास होता. हात गरम होता, किंचित चिकट, आणि माझ्या चेहऱ्याला पुरत नव्हता. "तू बघितलेला नाहीयेस ना," ती माझ्या कानाशी म्हणाली, समजूत घालावी तशी. "दिसत नाहीये ना?"

मला दिसत होतं. तिने बोटं घट्ट जुळवली होती, पण उजेड समोर असला की बोटं कितीही जुळवली तरी मधे फटी राहतात. त्या फटींमधून मला दोर सुटलेला दिसला, यान वर उचललेलं दिसलं, खाली एकटा राहिलेला माणूस दिसला. लालसर कडांच्या तीन रेघांमध्ये, पण सगळं. उलट जास्तच, कारण दुसरं काही दिसत नव्हतं. मी मांडीवरचा माझा हात थोडा वर धरला आणि फटीतून त्याच्याकडे बघितलं. निमुळती बोटं, कामाला बरी, लहान मापाचे हातमोजे बसतात. मी ती एकमेकांना घट्ट जुळवली. टीव्हीचा उजेड त्यांच्यातून आरपार आला.

"दिसत नाहीये ना?" तिने पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. अगदी ती म्हणायची तसंच निघालं ते, पटकन, दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून. मग मी विचारलं, "काय चाललंय?"

यान ठिपक्याएवढं झालं होतं. खाली त्या माणसाने एक कंदील पेटवून डोक्यावर धरला होता आणि तो धरून तो नुसता उभा होता. मुंगीने हात माझ्या डोळ्यांवर आणखी घट्ट दाबला. पण आवाज शांत होता, माझ्याकडून घेतलेला. "काही नाही," ती म्हणाली. "जेवायला बसलेत सगळे."

संगीत वाजलं, नावं आली असावीत, कारण तिने हात काढला. ताई नाक पुसत होत्या. नवरा उठला, त्याने पडदा सर्रकन बाजूला केला, आणि एवढं ऊन आत आलं की सगळ्यांनीच डोळे बारीक केले. त्याला काहीतरी बोलून ते सगळं आवरायचं होतं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. तो वळला आणि नको इतक्या मोठ्या आवाजात म्हणाला, "काय मग? मजा आली की नाही?"

मुंगीने माझ्याकडे बघितलं, मी काय म्हणते ते बघायला.

"नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटली."

मुंगी माझ्याकडे बघत राहिली. मग सोफ्यावरून खाली उतरली, पायांनी चपला शोधायला लागली, आणि मान वर न करता म्हणाली, "मला तर दर वेळी वाटते."